मी नादुरुस्त कसा ठरलो

आधी ओळख करून देतो, म्हणजे उगाच इकडेतिकडे शोधायला नको. खिडकीखालच्या टेबलावर, भिंतीला टेकून, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवून जो बसलाय ना, तो मी. लहान मुलांचं वजन करणारा काटा. चिठ्ठीवर 'नादुरुस्त' असं लिहिलंय. ते खोटं आहे. पण ज्या बाईने ते लिहिलं तिने आयुष्यात दुसरं काही खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि इथेच माझं डोकं गरगरतं. मला डोकं नाही हे मान्य. तबकडी आहे, ती गरगरते.

माझा जन्म एका मोठ्या पत्र्याच्या कारखान्यात झाला. वर मुलाला निजवायला पाळण्यासारखी खोलगट परात, खाली गोल तबकडी, त्यावर लाल सुई. आम्ही चाळीस भावंडं एकाच दिवशी रंगून वाळत पडलो होतो. एका चष्मेवाल्या माणसाने प्रत्येकाची परीक्षा घेतली. त्यातली सात भावंडं बाजूला काढली गेली. माझी सुई मात्र दर वेळी बरोबर जागी थांबली आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटतं, हे खरं आहे. खरं सांगणं हेच आपलं काम आणि खरं सांगितलं की सगळ्यांचं भलं होतं, अशी माझी समजूत होती.

तिथून मला या पाळणाघरात आणलं. सरकारी पाळणाघर आहे. बाहेरच्या खोलीत मी, एक टेबल, एक कपाट. आतल्या खोलीत वीस बुटक्या खुर्च्या, वीस वाट्या आणि झोपायला चटया. ज्यांच्या घरी पोटभर मिळत नाही आणि ज्यांच्या आयांना कामावर जावंच लागतं, अशी वीस मुलं दिवसभर इथे राहतात. दोन वेळा जेवतात, दुपारी झोपतात, उरलेला वेळ एकमेकांच्या हातातलं ओढतात. दोन बाया हे सगळं बघतात. एक नर्स, तिला सगळे ताई म्हणतात. दुसरी स्वयंपाक करणारी मावशी. मावशी वयाने मोठी, ताई हुद्द्याने मोठी, त्यामुळे दोघीही एकमेकींना अहो-जाहो करतात.

महिन्यातून एकदा वजनाचा दिवस. माणसांची मला तेव्हा फार गंमत वाटायची. आया मुलाला माझ्यावर ठेवण्याआधी परातीवर फुंकर मारतात, जणू मी गरम आहे. मी तर गार असतो. बाप मंडळी मुलाला ठेवतात आणि स्वतःचाच श्वास रोखून धरतात. मुलं मात्र बिनधास्त. माझ्यावर किती जणांनी शू केली याची गणती नाही, आणि त्यातल्या एकानेही कधी लाजून मान खाली घातली नाही.

माझ्या डोक्यावर भिंतीला एक तक्ता आहे. त्यात वयाप्रमाणे तीन पट्ट्या रंगवल्यात. लाल म्हणजे मूल फार हडकलेलं, पिवळी म्हणजे जरा बरं, हिरवी म्हणजे छान. मूल हिरव्या पट्टीत गेलं की ताई टाळी वाजवते. मला वाटायचं, टाळी माझ्यासाठीच आहे.

मग ढब्बू आली.

नाव ढब्बू, पण अंगावर मूठभर मांस नव्हतं. आईने आशेने ठेवलं असणार. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला. दवाखान्यांच्या चादरी यंत्रातून ओल्याच काढायच्या आणि खांद्यावरून वाळत घालायच्या दोरीपर्यंत न्यायच्या, हे तिचं काम. ती कामावर असताना ढब्बू शेजारच्या म्हातारीकडे असायची. म्हातारी प्रेमळ, पण दिवसभर डुलक्या घ्यायची, आणि बाटलीत दुधापेक्षा पाणी जास्त. एक वर्षाची ढब्बू माझ्यावर आली तेव्हा सुई सहा किलो सातशेवर थांबली. लाल पट्टी. ताईने त्याच दिवशी तिला खुर्ची दिली.

चार महिन्यांत ढब्बूने माझ्या सुईला चांगलंच पळवलं. तिला जेवण बघून एवढा आनंद व्हायचा की ती वाटीला आधी पापी द्यायची. लालमधून पिवळी, पिवळीतून हिरवी. पहिल्यांदा हिरव्यात गेली तेव्हा ताईने टाळी वाजवली. मीही खूश. आणि ढब्बूच्या आईचा चेहरा एवढा उतरला की मी घाबरलो. माझं काही चुकलं का, म्हणून मी सुई जरा हलवून पाहिली. आठ किलोला पन्नास ग्रॅम कमी. चूक नव्हती.

पुढच्या महिन्यात पुन्हा हिरवी. या वेळी टाळी वाजलीच नाही. ताई हळूच म्हणाली, "हे दुसरं. अजून एकदा हिरव्यात आली की जागा सोडावी लागेल, ठाऊक आहे ना? यादीत अकरा मुलं थांबलीत."

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

तेव्हा मला पहिल्यांदा नियम कळला. खुर्ची हडकलेल्या मुलाची. मूल सलग तीन महिने छान निघालं की ते बरं झालं असं समजायचं आणि खुर्ची दुसऱ्याला द्यायची. ऐकायला चांगलं वाटतं. पण मूल बरं झालं ते खुर्चीमुळेच ना? मी दोन आठवडे याच्यावर विचार केला आणि जिथून सुरुवात केली तिथेच परत आलो.

तिसऱ्या वजनाच्या दिवशी ढब्बूची आई सगळ्यांच्या आधी आली. तिने ढब्बूला माझ्यावर ठेवलं, टेबलाला चिकटून उभी राहिली आणि साडीच्या पदराआडून तिचं बोट माझ्या परातीखाली आलं. ते गरम होतं. तिने परात वर उचलून धरली.

मला काय करावं ते सुचेना. ओरडावं तर तोंड नाही. सुई मागे सरकत गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं. बरं, सांगितलं तेही बेतात नाही. ओल्या चादरी उचलणारा हात तो, त्याला हलकं उचलायची सवय कुठली? तिला बिचारीला हिरव्यातून पिवळ्यात यायचं होतं. सुई थेट सहा किलो नऊशेवर जाऊन थांबली.

ताईने पाहिलं, डोळे चोळून परत पाहिलं. "गेल्या महिन्यात आठच्या वर होती. एक किलोच्या वर उतरली? अगं, मग हिला आजच दवाखान्यात भरती करावं लागेल. बारा दिवस. तुलाही सोबत राहावं लागेल."

"दवाखाना कशाला?" आईचा आवाज बारीक झाला. "ती मस्त आहे, ताई."

"मस्त आहे तर एक किलो गेला कुठे?"

ढब्बू माझ्या परातीची कड चावत हसत होती. बारा दिवस कामावर गेलं नाही तर कारखान्यात दुसरी बाई उभी राहते, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. ताईने फोन उचलला, नंबर लावला आणि लावतालावता थांबली.

"परत करू या वजन," ती म्हणाली. "तू हात मागे घे."

म्हणजे तिने पाहिलं होतं. आईने हात मागे घेतला. माझी सुई सरळ पुढे गेली आणि आठ किलो दोनशेवर उभी राहिली. तिसऱ्यांदा हिरवी.

मला वाटलं आता आई रडेल, नाहीतर ताई रागावेल. दोन्ही झालं नाही. आई ढब्बूचा फ्रॉक घालताघालता शांतपणे बोलली. "चुकलं माझं. पण ताई, तुम्हीच सांगा. हिला वाढवलं कुणी? इथल्या जेवणाने. ते काढून घेतलंत की ही परत खाली येणार. खाली आली की तुम्ही परत घेणार. माझ्या पोरीला असं किती वेळा वरखाली करायचं?"

"नियम मी नाही केला गं."

"मग कुणी केला? मी जाऊन विचारते."

कुणी केला ते ताईलाही ठाऊक नव्हतं. तिने कपाटातून नियमांची पुस्तिका काढली आणि उभ्याउभ्याच पानं उलटायला लागली. मला आधी वाटलं, नाव शोधतेय. पण एका पानावर ती थांबली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. एकाच मुलाचं वजन एकाच दिवशी दोन वेळा वेगळं आलं, तर काटा नादुरुस्त समजावा. दुरुस्ती होईपर्यंत सर्व नोंदी थांबवाव्यात आणि कोणत्याही मुलाची जागा बदलू नये.

"सहा नऊशे. आठ दोनशे," ताई पुटपुटली. "दोन वेळा वेगळं आलंच की."

तिने पुठ्ठा कापला, सुतळी ओवली आणि माझ्या गळ्यात घातली. ढब्बूची आई ढब्बूला घेऊन खाली बसली. मावशीने तिला पाणी दिलं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मला राग आला, का येऊ नये? चाळीसातल्या सात जणांना बाजूला काढलं होतं, त्यांत मी नव्हतो. पण रागावू कुणावर? आईने बोट लावलं, ताईने चिठ्ठी लावली, आणि दोघींनाही मी आतून चांगलंच म्हणत होतो. शिवाय ढब्बू दुसऱ्या दिवशी आली, खुर्चीवर बसली आणि वाटीची पापी घेतली. ते बघून माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

ताईने वरच्या कार्यालयाला कळवलं. वरच्यांनी आणखी वरच्यांना कळवलं. तिथून पत्र आलं की काटा कोणत्या प्रकारचा आहे ते तीन प्रतींत लिहून पाठवा. ताईने पाठवलं. मग पत्र आलं की फोटो जोडा. ताईने फोटो काढला, पण मुद्दाम मावशीच्या बोटाचा काही भाग मध्ये येऊ दिला, म्हणजे परत मागवतील. परत मागवला. असे तीन महिने गेले. वीसच्या वीस मुलं जागेवर होती आणि एकाचंही वजन होत नव्हतं. माझ्याविना पाळणाघर इतकं सुखात चालेल असं मला वाटलं नव्हतं. जरा लागलंच ते मनाला.

मागच्या आठवड्यात एक रंगारी आला. तरुण बाप, मनगटापर्यंत पांढरा रंग, कडेवर सव्वा वर्षाचं पोरगं. बायको दुसऱ्या गावी तिच्या आजारी आईपाशी अडकलेली. हा मुलाला घेऊनच भिंती रंगवायला जायचा, रंगाच्या डब्यांच्या मध्ये त्याला बसवायचा.

ताई म्हणाली, "काटा बंद आहे हो. वजन झाल्याशिवाय मला नाव घालता येत नाही."

"मग दुसरीकडे जाऊ?"

"दोन बस बदलून एक पाळणाघर आहे."

"तिथूनच आलो. ते म्हणाले, तुमचा भाग इकडे येतो."

तो पिशवीतून कागद शोधायला लागला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने पोराला सहज माझ्या परातीत ठेवलं.

मला थांबवता आलं नाही. माझ्यावर मूल ठेवलं की मी सांगतोच. तीन महिन्यांनी सुई हलली आणि पाच किलो नऊशेवर थांबली. एवढं कमी वजन मी आजवर पाहिलं नव्हतं. ताईने ते पाहिलं. तिचा हात पेनाकडे गेला.

आणि मला सगळं दिसलं. ताईने हा आकडा लिहिला, तर काटा चांगला. काटा चांगला, तर ढब्बूचे आठ किलो दोनशे खरे. मग यादीतल्या अकरांहून हडकलेलं म्हणून खुर्ची या पोराची आणि ढब्बू परत म्हातारीच्या डुलक्यांखाली. ताईने नाही लिहिला, तर हे पोरगं परत रंगाच्या डब्यांमध्ये. मी खोटं बोललो तेव्हा एका मुलाचं भलं झालं आणि आत्ता खरं बोललो तर दुसऱ्याचं होणार होतं, पण पहिल्याच्या तोंडातलं काढून. मी आतल्या आत एवढा गोंधळलो की सुई थोडी थरथरली असेल.

ताईने पेनाचं टोपण काढलं. आतून वाट्यांचा आवाज येत होता, जेवणाची वेळ झाली होती. तिने टोपण परत लावलं.

"मावशी," तिने हाक मारली, "एक वाटी जास्त वाढा."

मावशी पळी घेऊन दारात आली. "वीस मुलांपुरतंच येतं, ताई. तुम्हाला काय सांगायचं?"

"माहीत आहे."

मावशीने त्या पोराकडे बघितलं आणि आत गेली. वाढलेल्या प्रत्येक वाटीतून तिने एकेक चमचा काढायला घेतला. खुर्ची एकविसावी नव्हतीच, म्हणून ते पोरगं बापाच्या मांडीवर बसून जेवलं. आता रोज येतं. कुठल्याच यादीत नाही.

माझा गोंधळ काही सुटलेला नाही. मुलं आता वीसच्या जेवणात एकवीस जेवतात. सगळ्यांची वजनं हळूहळू उतरणार, हे सांगायला मी असून नसल्यासारखा आहे. मला दुरुस्त करणारा कारागीर आज ना उद्या येईलच. तो येऊ नये असं वाटतं, आणि यावा असंही वाटतं, एका दिवसात दोन्ही कितीदा तरी वाटतं.

म्हणून तक्त्यावर ती हिरवी पट्टी ज्यांनी आखली, त्यांना हात नसूनही जोडून विनवतो. कारागिराच्या आधी तुम्ही एकदा या. मला तपासू नका, काही मोजायचं सोबत आणू नका. दुपारी जेवणाच्या वेळी या आणि मावशीच्या हाताकडे बघा. वीस वाट्यांवरून चमचा फिरवताना ढब्बूच्या वाटीपाशी तिचा हात थांबतो. मग ती डोळे मिटते आणि तिथूनही एक चमचा काढते.