कडेचा हात

"पुन्हा बाई कापून काढलीस?" दिवाकरने ओला फोटो चिमट्याने उचलून उजेडाकडे धरला.

"डोळा तिकडेच खेचला जातो हो. मग बैलगाडी कोण बघणार?" द्वारका म्हणाली.

त्याने फोटो तिरका करून बघितला. मग म्हणाला, "खरं आहे तुझं."

बोळिंजच्या नाक्यावर त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो पोटासाठी. उरलेल्या वेळात दिवाकर कॅमेरा गळ्यात अडकवून समोरच्या बाजारात फिरायचा आणि तिथले फोटो मुंबईच्या प्रदर्शनांना पाठवायचा. फोटो तो काढायचा. धुणं, मोठे करणं आणि कडा कापणं द्वारकेकडे. लग्नानंतर त्यानेच तिला शिकवलं होतं. पुठ्ठ्याचे दोन काटकोन फोटोवर पुढेमागे सरकवत तो सांगायचा, "नुसता माणूस ठेवलास तर पासपोर्ट होतो. नुसता बाजार ठेवलास तर नकाशा. दोघांनी एकमेकांना सांभाळलं पाहिजे."

ते तिने नीट ध्यानात ठेवलं. एक माणूस मात्र कुठेच ठेवायचा नाही, हे तिने स्वतः ठरवलं.

आल्बिना वटारहून सकाळच्या एसटीने त्या बाजारात विकायला यायची. टोपलीत वांगी, अबोलीची फुलं, केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी. अंगावर लाल लुगडं, कानात जड कुड्या. काळ्यापांढऱ्या फोटोत ते लाल काळंच उमटायचं, तरी ती कुठूनही ओळखू यायची. कोणी सायकल दुरुस्त करत असला तर मागे आल्बिना. बैल पाणी पीत असले तर त्यांच्या शिंगांच्या मधून आल्बिना. ती आली नाही असं रीळ द्वारकेने कधी धुतलं नव्हतं.

आणि द्वारका? लग्नाच्या अल्बमात होती. त्यानंतर एकदा, स्टुडिओत नवा दिवा बसवला तेव्हा. उजेड तोंडावर बरोबर पडतो का, ते बघायला दिवाकरने तिला स्टुलावर बसवलं होतं. त्या फोटोत तिचे डोळे मिटलेले होते. "दिवा चांगला आहे," तो म्हणाला होता.

एकदा फोटो धुण्याच्या हायपोचा वास सोसेना, म्हणून तिने काळोख्या खोलीची काळा रंग दिलेली खिडकी उघडली. समोरच आल्बिना बसली होती.

"गो बाय, जिती हायस ना?" आल्बिना ओरडली. "घुबडासारी कवा बगावं तवा अंधारात!" मग पलीकडे बघून म्हणाली, "सायेब, बायकोला जरा उनात काढा, बुरशी लागंल!"

पलीकडे दिवाकर होता. तो मोठ्याने हसला. असं हसणं घरात द्वारकेने ऐकलं नव्हतं. तिच्या मस्तकात गेलं. तिने हात बाहेर काढून खिडकीचं दार आत ओढून घेतलं. त्याच वेळी बाहेर कॅमेऱ्याचा खटका वाजला.

ते रीळ तिनेच धुतलं. त्या फोटोची प्रत मात्र काढली नाही. दिवाकरला म्हणाली, "हललाय." पुढे बैलगाडीच्या फोटोला बक्षीस मिळालं, दिवाकरच्या अंगावर शाल पडली. चौकट फार छान साधलीय, असं परीक्षक म्हणाले. द्वारका मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्या चौकटीबाहेर कोण राहिलं, ते तिला एकटीला ठाऊक होतं.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात आल्बिना तापाने गेली.

तिचा नवरा कॉन्रॅड दंडाला काळी फीत बांधून स्टुडिओत आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सायेब, आल्बिनाचा फोटू पायजे. चर्चमदी महिन्याच्या मिस्साला लावाचा हाय. लग्नातला होता, त्याला वाळवी लागली."

"बघतो ना," दिवाकर म्हणाला.

"ती सांगायची, सायेबांनी माजे किती फोटू काडले. मी बोलायचो, फेकतेस. घरात एक बी नाय आला कदी." तो कसंनुसं हसला. "आता वाटते, खरा बोलत असंल."

दिवाकरने कपाट उघडलं. बाजाराचे फोटो टेबलावर पसरले. सायकल होती. बैल होते. एका फोटोच्या कोपऱ्यात टोपलीची कड होती, टोपलीमागे कोणी नव्हतं. त्याने सगळे फोटो पुन्हा एकदा चाळले. मग मान वर करून द्वारकेकडे बघितलं.

"निगेटिव्ह आहेत," ती म्हणाली. "उद्या या."

कोणती निगेटिव्ह, हे तिला शोधावं लागलं नाही. कागदावर आधी कुड्या उमटल्या, मग दात, मग सगळी आल्बिना, मान वळवून हसणारी. द्वारकेने काटकोन घेतले. नुसता चेहरा ठेवला, तर बाजारातली आल्बिना गेली. सगळं ठेवलं, तर ती गर्दीत हरवली. टोपली ठेवली, सुकेळी ठेवली, मागचा एसटीचा खांब आणि उडालेली धूळ ठेवली. इतकी वर्षं जिला बाहेर ढकललं, तिच्याभोवती पुठ्ठे सरकवताना हात अडखळला नाही. हात शिकलेला होता. आत मात्र जळतच होतं. मेलेल्या बाईवर कसलं जळायचं, असं तिने स्वतःला विचारलं. तरी थांबेना.

दिवाकर येऊन मागे उभा राहिला.

"हिच्यामुळे बाजार बाजार वाटायचा," तो म्हणाला. "आणि तू म्हणाली होतीस हललाय. कुठे हललाय?"

द्वारकेने काटकोन पुन्हा सरळ केले.

"टोपल्या, धूळ, सगळं असू दे. फक्त हा कडेला कोणाचा हात आलाय? तेवढा काढ. डोळा तिकडे खेचला जातो."

फोटोच्या डाव्या कडेला खिडकीचं काळं दार होतं आणि ते ओढणारा हात. मनगटात रुंद लाखेची बांगडी. निर्मळच्या जत्रेतून ती दिवाकरनेच आणली होती. आत्ताही तिच्या हातात होती, त्याच्यापासून वीतभर अंतरावर.

"कोणाचा असेल हो?" तिने विचारलं.

"असेल कोणाचा तरी. बाजारात काय, शंभर हात."

तिने फोटो कटरखाली सरकवला आणि पातं खाली आणलं. फोटो एकदम सावरला. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी कॉन्रॅडने सदऱ्याला हात पुसून फोटो धरला.

"आशीच होती," तो म्हणाला. मग डोळे बारीक करून विचारलं, "पन ही हसते कोनाला बगून?"

"कॅमेऱ्याला," दिवाकर म्हणाला.

द्वारकेने फोटो बटर पेपरात गुंडाळून कॉन्रॅडच्या हातात दिला.

संध्याकाळी तिने केर काढला. कापलेल्या कडांच्या चिंध्यांत हाताची ती बोटभर रुंद पट्टी होती. ती सुपलीत भरून तिने खिडकी उघडली. बाहेर बाजार भरला होता. आल्बिनाच्या जागेवर अजून कोणी बसलं नव्हतं.