एल्रॉय पिनॉकचा स्वतःचा आवाज

मुरलीधरकाका माइकपाशी उभे राहिले आणि मंजिरीने घड्याळ पाहिलं. तिने त्यांना चार ओळींचा परिचय लिहून दिला होता. काकांच्या हातात स्वतःचे सहा कागद होते.

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी मंडळात आज सत्कार होता एल्रॉय पिनॉक यांचा. वय सत्त्याऐंशी, मंजिरीचे शेजारी. जमैकाहून आलेला हा माणूस साठ वर्षांपूर्वी इंग्लिश सिनेमात चक्क डॉक्टर झाला. त्याआधी त्यांच्या वाट्याला आल्या होत्या हमालाच्या नाहीतर चोराच्या भूमिका. पण निर्मात्यांना चेहरा चालला, आवाज चालला नाही. सगळे संवाद एका गोऱ्या नटाकडून वदवून घेतले. तेव्हापासून पडद्यावर ओठ एल्रॉयचे हलतात आणि बोलतो भलताच.

जुन्या सिनेमांचा आवाज दुरुस्त करणं हे मंजिरीचं काम. एका गंजक्या डब्यात तिला शेवटच्या प्रसंगाची मूळ टेप सापडली, आणि तिने एल्रॉयचा आवाज परत त्यांच्या तोंडी बसवला. तो त्यांनी अजून ऐकला नव्हता. "लोकांसमोरच ऐकीन," म्हणाले होते.

काका बोलतच सुटले. मंडळाची स्थापना, आजी-माजी अध्यक्ष, मग शाल, नारळ, फोटो, आणि पुन्हा फोटो, कारण शाल देणाऱ्या शिल्पाचे डोळे मिटले होते. यात पाऊण तास गेला, आणि पाचपर्यंतच मिळालेल्या हॉलमध्ये सिनेमा उशिरा सुरू झाला.

शेवटचा प्रसंग सुरू होणार तोच पाच वाजले आणि हॉलच्या केअरटेकरने प्रोजेक्टर बंद केला. पुढच्या बुकिंगची माणसं दारात आली होती.

मंजिरी उखडली. "काका, तुमच्या भाषणापायी त्यांचा आवाज गेला! दुसऱ्यांदा!"

काकांचा चेहरा पडला.

एल्रॉय उठले. खांद्यावर शाल, हातात नारळ. केअरटेकरला म्हणाले, "साठ वर्षं गप्प बसवलंत. आता दोन मिनिटंही बसणार नाही. बाहेर काढायचं तर उचलून न्या." मग लोकांकडे वळले. "आजारी मुलीचा गोरा बाप दार अडवून उभा आहे, मला आत सोडत नाही. त्याचं वाक्य कोण म्हणेल?"

काका उठले. ग्लासगोत त्यांनी तीस वर्षं डॉक्टरकी केली होती. ते वाक्य त्यांनी तिथे कितीदा ऐकलं होतं, कोणी सांगायची गरज पडली नाही.

"आमच्यापैकी कोणी डॉक्टर नाही का?" दार अडवल्यासारखे हात पसरून ते म्हणाले.

एल्रॉयनी नारळ टेबलावर ठेवला. "डॉक्टर मी आहे. बाजूला व्हा. तुमच्या मुलीला ताप चढतोय."

टेपमधला आवाज तरणा होता, हा खरखरीत. पण तोच होता, मंजिरीने लगेच ओळखला. तिला रडू आवरेना.

काका बाजूला झाले. आणि दारात उभा असलेला केअरटेकर, त्याला कोणी काही म्हटलं नसताना, तोही बाजूला झाला.