मनात काय हाय

“अहो, मनात काहीतरी म्हणत असालच की!” चेतना मॅडम म्हणाल्या.

“काय म्हणायचं?” महिपती वैतागला. “मी एकटाच असतोय. म्हणायचं कुणाला?”

शेजारी बसलेल्या ऋतुजाने कपाळावर हात मारला. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आबा रडले नव्हते, आईचं नावही काढत नव्हते. होटगी रोडवरच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आले की भिंतीकडे बघत बसायचे. विचारलं की एकच उत्तर, ‘काय न्हाय.’ शेवटी तिने कॉलेजातून रजा टाकली आणि त्यांना सात रस्त्याजवळच्या या समुपदेशक बाईंकडे जवळजवळ ओढतच आणलं.

मॅडमनी एक छापील कागद पुढे केला. “हे जरा मनात वाचा.”

महिपतीने नजर फिरवली. “झालं.”

“वाचताना आत आवाज आला ना? तुमचाच?”

“कागदाला कसला आवाज?”

“कागदाचा नाही हो. डोक्यात. आपण मनात वाचतो तेव्हा शब्द ऐकू येतात तसा.”

महिपतीने त्यांच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. “मनात वाचलं, मनाशी म्हणालो... ही नुसती बोलायची पद्धत हाय न्हवं? पोटात कावळे वरडत्यात म्हणतो, तशी?”

“नाही आबा. खरंच ऐकू येतं.”

“तुला बी?”

“मला बी.”

“दिवसभर?”

“दिवसभर!”

“मग तुमी झोपता कसं?”

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी समजावलं, की काही माणसांच्या डोक्यात हा आवाज नसतोच. विचार असतो, पण तो शब्दांतून येत नाही. हा काही आजार नव्हे.

आजार नाही म्हणून महिपतीला बरं वाटलं नाही. उलट संतापच आला. साठीला आल्यावर सांगताय व्हय हे? शाळेत गुरुजी म्हणायचे, ‘पाढे मनात म्हण.’ ते कसं म्हणायचं हे त्याला कधी उमगलंच नाही. तो नुसता बसायचा आणि कामचुकार म्हणून छडी खायचा. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

परतताना स्कूटरवर ऋतुजा पुढे, तो मागे. गर्दीत ती मान वळवून वळवून बोलत होती.

“आवाज नसेल तर नसेल. पण आईची आठवण तरी येते का न्हाय?”

“येती की.”

“कशी येते? आवाजच न्हाय तर?”

“तू फुडं बघ. रिक्षाला घासशील.”

“बघा! विचारलं की असं! आईला बी असंच केलं तुमी जन्मभर.”

“थांबव गाडी,” महिपती म्हणाला.

तिने एका रसवंतीसमोर स्कूटर लावली. चरकाचा खडखडाट चालू होता. दोघं आत बाकड्यावर बसली. रसाचे ग्लास आले, पण कुणीच उचलले नाहीत.

“तुला तुज्या आईचं बोलणं आयकू येतं?” त्याने विचारलं.

“रोज. घरातनं निघाले की म्हणते, ‘गॅस बंद केलास का?’ तिच्याच आवाजात.”

“आत्ता बी?”

“व्हय.”

महिपती तिच्या कपाळाकडे बघत राहिला. एवढ्याशा जागेत त्याची बायको गोजरबाई अजून बोलत होती, आणि त्याच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नव्हतं.

“मला न्हाय येत,” तो म्हणाला. “ती समोर दिसती. भाकरी थापताना एक खांदा वर जायचा तिचा, त्यो दिसतो. छातीत कायतरी जड हुतं. पर शब्द न्हाईत त्यात. दवाखान्यात शेवटाला मला म्हणली, ‘तुमच्या मनात काय हाय ते एकदा तरी सांगा.’ मी आत बघितलं. आत एकबी शब्द नव्हता. म्हणून खरं त्येच सांगितलं, ‘काय न्हाय.’ ती भिंतीकडं तोंड करून झोपली.”

ऋतुजाने समोरचा ग्लास बाजूला सरकवला.

“त्याचा अर्थ तिनं काय लावला आसंल, सांग की! आयला, काय माणूस म्हणायचं मला! मला वाटलं, सगळेच आसं आसत्यात. मला शब्द सापडतात ते त्वांड उघडल्यावरच. ती भांडायची, मी उलट बोलायचो, तवा मला कळायचं मला काय वाटतंय ते. ती गेली, भांडणं गेली, तसं शब्दबी गेलं.”

तो बोलत राहिला. स्थळ बघायला गेला तेव्हा ती दाराआडून हसली होती ते, एकदा माहेरी जाऊन बसली तेव्हा तो रोज एसटी स्टँडवर जाऊन उभा राहायचा ते. आपण काय म्हणतोय हे तोही पहिल्यांदाच ऐकत होता. चरक बंद पडला तेव्हा महिपतीच्या चढलेल्या आवाजाने शेजारची माणसं वळून बघू लागली, तसा तो थांबला.

“तुमी स्टँडवर जायचा ते आईला म्हायती होतं?” ऋतुजाने विचारलं.

“न्हाय.”

तिने ओढणीने चेहरा पुसला. रसावर माशी बसली होती, ती हाकलली.

“ऋतू,” महिपती जरा चाचरत म्हणाला, “तुज्या डोक्यात ती बोलती तवा... माझ्याबद्दल काय म्हणती का?”

ऋतुजाने डोळे मिटले. मग आईच्या ठसक्यात, पण हळूच म्हणाली, “‘तुज्या आबास्नी सांग, शर्टाचं वरचं बटण लावा. लोकं बघत्यात.’”

महिपतीचा हात गळ्याशी गेला. ग्रीसने काळवंडलेल्या जाड बोटांनी त्याने काज चाचपलं आणि बटण नीट लावलं.