लाल पाणी आणि अर्ध्या किमतीचा उपाय

सभागृहाच्या आतून पार बाहेरपर्यंत पुरुषांची लांबलचक रांग, पण कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेल तर शपथ! मूल होत नाही आणि दोष आपल्यात आहे, हे सांगायची चोरी. आत महाराजांसमोर नितळ पाण्याचे वाडगे मांडले होते. शिष्य झारीतल्या पाण्याने माणसाचे हात धुवायचा, ओले हात वाडग्यात गेले की पाणी लालभडक!

“बीज जळतंय, बेटा!” महाराज कळवळायचे. “हे पाणी पुरुषाचाच दोष ओळखतं. बाईने हात घातला तरी ढिम्म!”

रांगेतल्या एका लॉन्ड्रीवाल्याचं पाणी लाल झालं. डॉक्टरने त्याला अंडकोषाची शीर सुजल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशन, तपासण्या, नाहीच जमलं तर टेस्ट ट्यूब. खर्चाचा आकडा ऐकल्यावर त्याने पुढचं ऐकलंच नव्हतं.

“डॉक्टरच्या निम्म्यात, हमखास,” महाराज म्हणाले.

निम्म्यासाठीसुद्धा धुलाईचं मोठं मशीन विकावं लागणार होतं. बायकोला न सांगता त्याने गिऱ्हाइकाकडून बयाणा घेतला होता. त्याने बयाण्याचं पाकीट पुढे केलं.

“थांबा!” बायको धापा टाकत आत आली. मशीन बघायला गिऱ्हाईक दुकानात आलं, तेव्हा तिला सगळं कळलं होतं. “मशीन गेल्यावर धंदा काय डोंबलाचा करायचा?”

पाकिटाच्या ओढाताणीत तिचा हात शेजारच्या वाडग्यात पडला. पाणी लालभडक!

तिने हात बाहेर काढून बघितला.

“काय हो महाराज, आता मला मिशा फुटणार का?”

रांगेत खसखस पिकली. तिला मात्र हसू येत नव्हतं. धुण्याच्या टाकीतून हात काढून ती तशीच धावत आली होती. तिने झारीतलं पाणी बोटांवर चोळलं. बुळबुळीत. “अहो, हा आपला धुण्याचा सोडा!” तिने झारी तिसऱ्या वाडग्यात ओतली. तेही लाल.

रांगेतला एक चष्मेवाला पुढे आला. शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर होते ते.

“वाडग्यात फिनॉल्फ्थॅलिन आहे. रंग नसतो, सोडा लागला की लाल होतं. दरवर्षी मुलांना मीच दाखवतो.”

“मग रांगेत कशाला उभे राहिलात, मास्तर?” तिने विचारलं.

“भ्यालो होतो हो,” मास्तर म्हणाले.

महाराज मागच्या दाराकडे सरकले, पण रांगच आडवी आली.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं डॉक्टरकडे गेले. पहिला प्रश्न तिचाच, “आधी काय करायचं, आणि त्याला किती लागतील?” डॉक्टर म्हणाले, उष्णतेने बीज कमी होतं, तीन महिने लॉन्ड्रीतल्या बॉयलरच्या धगीपासून लांब राहा, मग परत तपासू. ऑपरेशन लागलंच तर सरकारी दवाखान्यात थोडक्या खर्चात होतं. “पण हमी देता येणार नाही.” तरी या खेपेला लॉन्ड्रीवाल्याने शेवटपर्यंत ऐकलं.

भिऊ नका, असं आम्ही सांगणार नाही. खर्च खरा आहे, भीतीही खरी. फक्त एकट्याने भिऊ नका. घरात बोला, डॉक्टरला दहादा विचारा, आणि कुणी हमखास म्हणालं की पाकीट काढण्याआधी एवढंच विचारा: कशावरून?