खालची बाजू

"सत्यवते, या राशीला पेंढ्या किती काढू?" मुकादम काशीरामने मिठागराच्या बांधावरून ओरडून विचारलं.

सत्यवतीने मिठाच्या राशीकडे एकदा पाहिलं. "दोन उतारांना पन्नास पन्नास, दोन तोंडांना सहा सहा. एकशेबारा."

"जास्तीच्या दहा काढतो."

"नको. उगा भिजत पडतील."

संध्याकाळपर्यंत रास पेंढ्यांनी शाकारून झाली. पेंढी एक उरली नाही, एक कमी पडली नाही. काशीराम पुढच्या कामाकडे वळला. बारा वर्षांत त्याने तिला कधी शाबासकी दिली नव्हती.

"आमची मास्तरीणबाय!" भामाने तिला कोपराने ढोसलं. "उद्या निकाल लागला का तू खुर्चीवर, नि आमी हितंच खारात."

"खुर्ची घे तू. मला फळा पायजे."

खाडीकाठच्या त्यांच्या गावात यंदा जूनमध्ये पहिली शाळा उघडणार होती. फायनलची परीक्षा पास झालेली गावचीच बाई मिळाली तर तिलाच घेऊ, असं वरून कळवलं होतं. सत्यवती चार वर्षं दिवसभर मीठ ओढून संध्याकाळी पनवेलला दयाराम गुरुजींच्या वर्गाला चालत गेली होती. मिठाने फुटलेल्या बोटांत पेन्सिल धरली की झोंबायची. हात पांढरे तर होणारच होते. एकदा खडूने व्हावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास. गणितात पास व्हायला तीन गुण कमी.

गुरुजींनी तिची प्रश्नपत्रिका समोर घेतली. तिने उत्तरं कडेला लिहून आणली होती. शेवटच्या गणितावर त्यांचं बोट थांबलं. त्रिकोणी चिती, घराच्या छपरासारखा आकार. रुंदी सहा फूट, उंची चार, दोन्ही उतार पाच पाच, लांबी वीस. एकूण पृष्ठफळ काढा. गुण पाच.

"तुम्ही दोनशे चोवीस लिहिलंत."

"बरोबर हाय ना? उतारांचे दोनशे, तोंडांचे चोवीस."

"आणि खालची बाजू? सहा गुणिले वीस, एकशेवीस. उत्तर तीनशे चव्वेचाळीस, बाई."

सत्यवती त्यांच्याकडे बघतच राहिली. "गुरुजी, खाली जमीन असते. तितं पेंढा कोन घालतो?"

"प्रश्नात मीठ कुठं आहे?"

"चित्र तर राशीचंच होतं."

ज्याने हा प्रश्न काढला त्याने मीठ पाहिलं असेल ते ताटात डाव्या बाजूला, चिमूटभर. त्याची चिती कागदावर अधांतरी होती, तिला खाली बाजू असायला काही अडचण नव्हती. डोक्यावर टोपल्या वाहून जिने अशा शेकडो चित्या रचल्या, शाकारल्या, तिला त्याने चितीचं ज्ञान नाही म्हणून नापास केलं. आणि ते नियमाला धरून होतं. चीड येते ती याचीच.

"चूक माझीही आहे," गुरुजी म्हणाले. "तुम्ही खालची बाजू धरता का, हे मी आधीच विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा बसा."

"शाळा जूनला उघडते, गुरुजी."

गुरुजींनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली. पुन्हा उलगडली.

तिसऱ्या दिवशी मिठागरात नवी रास घालायची होती. काशीरामने चार खुंट्या ठोकून दिल्या. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"थांबा जरा," सत्यवती म्हणाली.

ती अनवाणीच खुंटीपाशी गेली. टाचेला अंगठा लावत लावत एक कड चालली, मग दुसरी.

"आता हे काय नवीन?" काशीराम वैतागला. "खालच्या अंगाला पेंढा लागतो काय?"

"नाय."

"मग?"

"बगते, खालची बाजू केवडी असते ती."

ती मधोमध जाऊन उभी राहिली. डोक्यावरच्या टोपलीने मान अवघडलेली भामाही या वेळी थट्टा करेना.

"टाका," सत्यवती म्हणाली.

ती बाजूला झाली. ओल्या मातीत तिची दोन पावलं उमटली होती. पहिली टोपली भामाची, तिने ती मुद्दाम पावलांपासून लांब ओतली. दुसऱ्या टोपलीच्या मिठाखाली पावलं झाकली गेली.