शेवटच्या ओळीतला शब्द

इंग्रजी कवितेतल्या शब्दावर मी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिला, की ती वस्तू आमच्या घरातून निघून जाते. पहिल्यांदा खिडकी गेली. बारीक अक्षरात अर्थ लिहून मी मान वर केली, तर तिथं सपाट भिंत होती, रंगसुद्धा वाळलेला.

"खिडकी काय केलीस गं?" आईनं विचारलं.

"पुस्तकात गेली."

"बरं," ती म्हणाली आणि पदरानं वारा घेत भाकरी थापायला बसली.

भाकरी दुसऱ्या कडव्यात गेली. मग दिवा, मग दार. दार गेल्यापासून मी मोरीच्या झरोक्यातून कॉलेजला जाते. मी खोडरबरानं पुसूनही पाहिलं. खिडकी परत आली, पण करडी, आणि तिच्यातून पलीकडचं काहीच दिसेना.

शेवटच्या ओळीत आईसाठीचा शब्द आहे. तो मी कोरा ठेवला होता.

इंग्रजीच्या हुद्दार मॅडम वर्गात प्रत्येकाचं पुस्तक तपासतात. एक शब्द जरी कोरा दिसला तरी बारावीचं हॉलतिकीट देत नाहीत. माझ्या पुस्तकावरून त्यांचं बोट सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हा राहिलाय."

"मॅडम, याचा अर्थ मला येतो."

"येतो ना? मग लिही."

मी घाबरून 'मावशी' लिहिलं. त्यांनी ते लाल शाईनं खोडलं. तेव्हापासून मावशीचा फोन लागत नाही.

"तुमच्या घरी कोण असतं, मॅडम?" मी विचारलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मी इंग्रजीत कॉलेजात पहिली आले होते. उद्या पुस्तक पुरं करून आण."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. परीक्षेला बसले नाही, तर मामा मला बोहल्यावर उभी करणार. त्यांनी स्थळ बघून ठेवलंय. आईलाही असंच नववीतून उठवलं होतं.

घरी येऊन मी रडले, अगदी हमसून हमसून. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं वेणी घातली, लग्नाकार्यातली साडी नेसली, विळीवर माझ्या पेन्सिलीला टोक काढलं आणि समोर येऊन बसली.

"मला नाही लिहायचं," मी म्हणाले.

"मला लिहू दिलं नव्हतं," ती म्हणाली. "तू लिही."

तिनं पेन्सिल माझ्या बोटांत दिली आणि माझा हात धरून कागदावर टेकवला. मी 'आ' काढला. हातावरची पकड गेली. मी थांबले. समोर साडीचा पदर होता, त्यात चेहरा नव्हता.

"थांबू नकोस," पदरातून आवाज आला. "आणि अक्षर चांगलं काढ."