रघुरामनं न वाचलेलं पान

ओरगडमच्या मोटार कारखान्यात सुपरवायझर असलेल्या रघुरामला बुद्ध भेटला तो कंपनीनं ठेवलेल्या एका भाषणात. निघताना सगळ्यांना एक तमिळ पुस्तिका वाटली. तिच्यातली पहिलीच गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. एकानं बुद्धाला शिव्या दिल्या. बुद्धानं विचारलं, पाहुण्यांनी तू वाढलेलं घेतलंच नाही, तर ते कुणाचं? तसंच तुझ्या शिव्या मी घेत नाही. त्या तुझ्यापाशीच राहू देत.

तोवर हा माणूस कसा होता ते पेरुंगुडीतल्या त्यांच्या इमारतीत कुणालाही विचारा. पाण्याची मोटर बंद पडली तरी याचा आवाज चढायचा. आता तो नुसता हसू लागला. रक्तदाब उतरला, झोप लागू लागली. "अय्यो, आमचा रघु ऋषी झाला की गं!" म्हणत त्याची आई सकवारबाई हरखून गेली. त्याच्या बायकोला, भवानीलाही सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण बायकोचं सगळंच बोलणं म्हणजे शिव्या नव्हेत, एवढं साधं त्या ऋषीला कळेना. तिनं 'ऐका हो' म्हटलं की ते हसू हजर. ती शिकवायची त्या शाळेत मुख्याध्यापिकेनं तिला चारचौघींत बोल लावले, तरी हसूच. "तू मनावर घेऊं नको," झालं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भरल्या घरात भवानी एकटी पडली.

आणि मग तिच्या हाताला छातीत गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी गुरुवारी सुई घालून तपासायला बोलावलं, सोबत कुणालातरी आणा म्हणाल्या. तीनदा ती रघुरामला सांगायला गेली आणि तीनदा ते हसू पाहून तशीच मागे फिरली. शेवटी एकटीच जाऊन यायचं तिनं ठरवलं. फार भ्याली होती बिचारी.

रविवारी सकाळी कपाट आवरताना पुस्तिका तिच्या हाती आली. खुणेचा कागद अजून पहिल्याच गोष्टीत. भवानी पडली शिक्षिका. पुढची पानं न वाचता पुस्तक ठेवणं तिच्यानं होईना. सातव्या पानावर एक आजारी भिक्षू आपल्याच घाणीत पडला होता आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. बुद्धानं पाणी मागवलं आणि त्याला स्वतःच्या हातांनी धुतलं. माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी, म्हणाला.

रघुराम कॉफी पीत होता. भवानीनं त्याच्यासमोर उभं राहून ते पान मोठ्यानं वाचलं.

"बरी आहे गोष्ट," तो हसत म्हणाला. "पण आपल्या घरीं कोण आजारी आहे?"

"मी."

मग तिनं सगळं सांगितलं. गाठ, सुई, गुरुवार. "तीनदा सांगायला आल्यें. तीनदा तुमी हसलांत."

रघुरामचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यानं कॉफी खाली ठेवली.

"गुरुवारी मी येतो," तो म्हणाला. मग, अगदी हळू: "भवानी, मज भय वाटतंय गं."

एवढे दिवस अडवून धरलेलं रडू तिला आता आवरेना.

"मजही," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.